रावेरला विंडोज कोणी निवडले?

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास #खानदेश

१/
लग्नसराईत रावेर, सावदा किंवा फैजपूरच्या रस्त्यावरून वरात निघते, तेव्हा ध्वनिक्षेपकांच्या भिंतीमागे डीजेचा लॅपटॉप उघडा असतो. तो बहुधा विंडोजचा असतो. त्याच संध्याकाळी मुंबईतल्या एखाद्या ध्वनिमुद्रणगृहात चित्रपटाचे गाणे आकार घेत असते; तिथला संगणक बहुधा मॅक असतो. हा फरक केवळ पैशांचा, असे सर्रास मानले जाते. त्यामागचा चाळीस वर्षांचा इतिहास मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे.

२/
मॅक चांगला की विंडोज, हा वाद नेहमी आवडीनिवडीचा म्हणून घातला जातो. परंतु आवड निर्माण होण्यासाठी वस्तू आधी समोर यावी लागते. रावेर हे जळगाव जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचे तालुक्याचे गाव. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रावेर लागते, आणि थोडे पुढे गेले की मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर. अशा केळीच्या गावात कोणतेही यंत्र घेताना पहिला प्रश्न दुरुस्तीचा असतो आणि दुसरा असतो, ‘शेजाऱ्याकडे काय आहे?’ संगणकाच्या इतिहासात हे दोन प्रश्न फार निर्णायक ठरले.

३/
कथेची सुरुवात संगणकाच्या आधी होते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली. ग्रामोफोनची तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेटची प्रत काढायला दोन कॅसेटची खोबणी असलेला एक टेपरेकॉर्डर पुरे. १९८० च्या दशकात भारतात कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या कंपन्यांनी कधी दार उघडले नसते, अशा बोलींना आवाज मिळाला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातील या उलथापालथीवर १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथच लिहिला.

४/
खानदेशासाठी ही गोष्ट महत्त्वाची होती. पश्चिमेकडे अहिराणी, तर रावेर-यावल पट्ट्यात लेवा गणबोली. म्हणजे बहिणाबाई चौधरींच्या कवितेची बोली. कानबाईची गाणी, लग्नातली गाणी, गावच्या भजनी मंडळाचे भजन हे सारे आता घरच्या घरी मुद्रित करता येऊ लागले. कॅसेटने एक सवयही लावली: गाणे हाताहातांतून फिरले पाहिजे, त्याची प्रत निघाली पाहिजे. पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राला खानदेशातल्या श्रोत्याने नकळत हीच कसोटी लावली.

५/
आणि गंमत अशी की भारतातले सुरुवातीचे घरगुती संगणक याच कॅसेटवर चालत. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेला सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा छोटा संगणक पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने परवान्यासह विकला. पडदा म्हणून घरचा दूरचित्रवाणी संच, साठवण म्हणून घरचा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की यंत्र काही मिनिटे कर्कश किंचाळत राही आणि मग खेळ सुरू होई. एकाच टेपरेकॉर्डरवर सकाळी अभंग आणि दुपारी संगणकाचा कार्यक्रम, असे ते दिवस होते.

६/
संगीताच्या बाबतीत मात्र स्पेक्ट्रम गरीब होता. त्याच्या बेसिक भाषेत ‘बीप’ नावाची आज्ञा होती: किती वेळ आणि कोणता स्वर, एवढे सांगायचे, एका वेळी एकच स्वर वाजे. त्याचा स्पर्धक ‘बीबीसी मायक्रो’ १९८१ अखेरीस आला. त्यात तीन स्वरांचा आणि एका खरखरीचा असे चार स्वतंत्र मार्ग होते. भारत सरकारने १९८४ साली शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक साक्षरता योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील सुमारे २५० शाळांसाठी हाच संगणक निवडला. निवड झाली ती सरकारी फायलीत. विद्यार्थ्याची पसंती कोणी विचारली नव्हती.

७/
त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत संगीतासाठी संगणक निवडणाऱ्यांचे चक्क तट पडले होते. ‘कमोडोर ६४’ (१९८२) मधील ‘सिड’ ही ध्वनिचकती लहानशा वाद्यासारखी गाई. ‘अमिगा’ (१९८५) मुद्रित केलेले खरे आवाज चार मार्गांवर वाजवी. ‘अटारी एसटी’ (१९८५) चा स्वतःचा आवाज सामान्य होता, पण त्याच्या अंगावर एक जादूचे भोक होते: मिडीचे. त्या एका भोकापायी असंख्य संगीतकारांनी अटारी घेतला.

८/
मिडी म्हणजे काय? वाद्याने वाद्याशी बोलण्याची सर्वमान्य भाषा. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती आकाराला आली. जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवण्यात आले. या तारेतून आवाज जात नाही, सूचना जातात: कोणती पट्टी, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन मान्य केलेला हा करार पुढच्या सगळ्या भांडणांना पुरून उरणार होता.

९/
हे तट भारतात मात्र जवळजवळ पडलेच नाहीत. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला होता. परदेशी संगणकावर जबर आयात शुल्क होते. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने ते सैल केले, तरी कमोडोर, अमिगा, अटारी ही यंत्रे इथे तुरळकच आली. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून एखादे. ज्या वयात लंडनचा मुलगा ‘माझे यंत्र श्रेष्ठ’ म्हणून मित्रांशी भांडत होता, त्या वयात जळगावच्या मुलासमोर निवडायला दोन यंत्रेही नव्हती.

१०/
तरीही मिडी खानदेशात पोहोचले, संगणकाशिवाय. रोलँडने १९८५ मध्ये ‘ऑक्टोपॅड’ आणला. आठ रबरी तबके. काठी मारली की मिडीची सूचना बाहेर पडे आणि जोडलेल्या यंत्रातून हवा तो ठेका उमटे. १९९८ च्या ‘एसपीडी-२०’ मध्ये तबल्यासह शेकडो आवाज आतच होते. महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांनी आणि लग्नाच्या बँडपथकांनी ऑक्टोपॅड असा उचलला की आज तो ढोलकीशेजारचे नेहमीचे वाद्य वाटतो. संगीताचे डिजिटल युग तालुक्यात शिरले ते वरातीतून.

११/
एक अडचण राहिली. मिडीने सप्तकाचे बारा ठरावीक घर मानले. आपल्या गायकीत मात्र मींड असते, आंदोलन असते. स्वर एका घरातून दुसऱ्या घरात घसरत जातो. स्वर वाकवण्याची सोय मिडीत आहे, पण ती संपूर्ण मार्गाला लागू होते. एका मार्गावर तीन स्वर वाजत असतील तर तिन्ही वाकतात. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हाचा एक आक्षेप हाच होता: ठरावीक पट्ट्यांत आपले स्वर मावत नाहीत. वाद जुनाच, यंत्र नवे.

१२/
आता मुख्य प्रश्नाकडे. घरोघरी अखेर पीसीच का आला? आयबीएमने १९८१ मध्ये आपला संगणक बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधला. लवकरच इतर कंपन्यांनी त्याच्या हुबेहूब प्रती काढल्या. परिणाम असा की १९९० च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग विकत घेऊन कोणताही हुशार तरुण संगणक जोडू लागला. या ‘असेम्बल्ड’ पीसीने संगणक गावोगाव नेला. बिघडला तर तोच तरुण स्कूटरवरून येऊन एक भाग बदलून जाई. दुरुस्तीच्या पहिल्या प्रश्नाला पीसीकडे उत्तर होते.

१३/
मॅकचे तसे नव्हते. अ‍ॅपलने जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश आणला तो बंद पेटीसारखा. मधल्या काळात इतरांना मॅकच्या प्रती बनवण्याचे परवाने दिले. पण स्टीव्ह जॉब्ज परतल्यावर १९९७ मध्ये ती वाट बंद झाली. सुटे भाग जोडून मॅक बनत नव्हता, म्हणून तो रावेरच्या गल्लीत दुरुस्तही होणार नव्हता. वृत्तपत्रांच्या पानमांडणीत आणि ध्वनिमुद्रणगृहांत त्याने पाय रोवले. १९९१ मध्ये आलेली ‘प्रो टूल्स’ ही ध्वनिसंपादनाची प्रणाली आधी मॅकवरच चाले. ज्यांचा धंदाच ध्वनीचा, त्यांना ही किंमत परवडत होती.

१४/
पीसीचा कान मात्र सुरुवातीला बहिरा होता. मूळ पीसीला ‘टूं’ करणारा एक क्षुल्लक स्पीकर, एवढेच. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ हे कार्ड काढले. खाचेत बसवले की हिशेबाचे यंत्र गाऊ लागे. अर्थात, पीसीने संगीत जन्मतः आणले नाही. ते नंतर खरेदी करून बसवले. पण नंतर बसवता येणे हीच त्याची ताकद होती.

१५/
या शत्रुत्वाची एक मिश्कील नोंद. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आले. संगणक सुरू होताना वाजणारी त्याची छोटी धून इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी रचली होती. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगून टाकले की ती त्यांनी मॅकवर बनवली. जगभरच्या कोट्यवधी पीसींचा पहिला उद्गार प्रतिस्पर्ध्याच्या घरी जन्मला होता.

१६/
रावेरच्या दृष्टीने अधिक गंभीर मुद्दा लिपीचा. संगणकावर मराठी उमटणार कशी? पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्ड पुढे आणले. ते पीसीच्या खाचेत बसवले की पडद्यावर देवनागरी दिसे. आयआयटी कानपूरमधील संशोधनातून हे तंत्र घडले होते. पाठोपाठ भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धत १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. सरकारी कचेरीत मराठी हवे, तर खाच असलेला पीसी हवा. मराठीने आपले घर असे निवडले.

१७/
मग फॉन्टांचे युग आले. प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा आणि त्याची आतली रचनाही वेगळी. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच असे; फॉन्ट फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला, की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचे कडबोळे. मॅक आणि विंडोज यांच्यातील दरी सोडाच, एकाच गावातल्या दोन छपाई केंद्रांत मराठी एकमेकांना वाचता येत नव्हती.

१८/
सुटका केली युनिकोडने. १९९१ पासून आकाराला आलेल्या या जागतिक करारात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० मध्ये ही सोय आली आणि सोबत ‘मंगल’ फॉन्ट. त्याचे रेखाटन केले मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. मॅकवरही पुढे देवनागरी आली. परंतु तोवर मराठी टंकलेखन म्हणजे विंडोज, ही गाठ मनात पक्की बसली होती.

१९/
तिच्यावर शिक्कामोर्तब झाले वर्गात. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजेच एमकेसीएल, स्थापन झाले आणि ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागले. गृहिणी, शिक्षक, तलाठी, बारावीनंतरची मुले असे सारे माऊस धरायला तिथे शिकले. शिकले ते विंडोज, वर्ड, एक्सेल. एका पिढीसाठी ‘कॉम्प्युटर येतो’ या वाक्याचा अर्थ ‘विंडोज येते’ असा झाला. नित्याच्या वापरातली पसंती ही अशी अभ्यासक्रमातून घडते.

२०/
संगीतनिर्मितीत याच काळात रस्ता दुभंगला. जुलै २००२ मध्ये अ‍ॅपलने ‘लॉजिक’ बनवणारी जर्मन कंपनी ईमॅजिक विकत घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. ज्यांनी वर्षानुवर्षे तिच्यावर गाणी रचली, त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरले: मॅक घ्या किंवा नवे शिका. दुसरीकडे बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ मध्ये ‘फ्रूटीलूप्स’ काढले. हेच पुढचे ‘एफएल स्टुडिओ’. ते २०१८ पर्यंत अधिकृतपणे फक्त विंडोजवर चाले.

२१/
पहिल्या परिच्छेदातील वरातीचे उत्तर इथे आहे. एफएल स्टुडिओत चौकोनांवर टिचकी मारत ठेका रचता येतो. स्वरलिपी न शिकलेल्या मुलालाही तासाभरात ढोल वाजवता येतो. त्याच्या प्रती, कित्येकदा विनापरवाना, सीडीवरून आणि पेनड्राइव्हवरून फिरल्या. गावचा डीजे घडला तो या सॉफ्टवेअरवर आणि म्हणून विंडोजवर. मुंबईचे ध्वनिमुद्रणगृह लॉजिक-प्रो टूल्सवर घडले आणि म्हणून मॅकवर. दोघांनीही निवडले ते आपले वाद्य. यंत्र त्या वाद्यामागून आले.

२२/
ऐकण्याच्या बाजूलाही तीच दुफळी. ऑक्टोबर २००१ चा आयपॉड आधी फक्त मॅकशी जोडता येई. विंडोजसाठी आयट्यून्स आले ऑक्टोबर २००३ मध्ये. गाणे आत घालायचे ते आयट्यून्सच्या दारातूनच. भारतात अ‍ॅपलचे गाण्यांचे दुकान उघडायला डिसेंबर २०१२ उजाडला. तोवर इथे एमपी३ ने राज्य केले होते: एका सीडीवर दीडशेच्या आसपास गाणी, कोणत्याही यंत्रावर वाजणारी.

२३/
मग तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाइलची दुकाने आली आणि त्यांतला एक विंडोज पीसी सबंध गावाचे संगीतभांडार झाला. ग्राहक नखाएवढे मेमरी कार्ड देई. दुकानदार जुनी गाणी, भजने, अहिराणी गाणी, नवे रिमिक्स भरून देई. दोन कॅसेटच्या टेपरेकॉर्डरचाच हा पुनर्जन्म होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि ते भांडार यूट्यूबवर गेले. आज अहिराणी गाणे खानदेशची वेस ओलांडून राज्यभर वाजते आणि ते ऐकताना कोणी विचारत नाही की ते कोणत्या संगणकावर बनले.

२४/
आता हिशेब मांडू या. रावेरला विंडोज कोणी निवडले? आयात शुल्काने, लॅमिंग्टन रोडने, जिस्ट कार्डाने, एमएस-सीआयटीच्या वर्गाने आणि एफएल स्टुडिओने. ‘मला हेच आवडते’ असे वापरणारा मनापासून म्हणतो, आणि त्याची आवड खोटी नसते. पण ती घडते आसपास काय दुरुस्त होते, काय शिकवले जाते आणि मित्राकडून काय मिळते यावरून. मुंबईच्या मॅकप्रेमी संगीतकारालाही हेच लागू आहे.

२५/
या भांडणात हरले कोण? दोन्ही कंपन्या जिंकल्या. हरण्याची पाळी आली ती मजकुरावर. मालकी फॉन्टांत टंकलेली मराठी हस्तलिखिते, स्मरणिका, गावांचे इतिहास जुन्या सीडींवर मुखवट्याआड अडकून आहेत. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये रचलेली गाणी उघडत नाहीत. आणि ज्या कॅसेटींवर आजीचे कानबाईचे गाणे मुद्रित आहे, त्यांची फीत दरवर्षी थोडी झिजते, थोडी चिकटते. लेवा बोलीतला एखादा आवाज त्या फितीवरच उरला असेल, तर ती फीत गेली की तो आवाज गेला.

२६/
टिकले काय? जे कोणा एकाचे नव्हते ते. १९८३ च्या मिडी करारावर चालणारी वाद्ये आजच्या मॅकशीही बोलतात आणि विंडोजशीही. जानेवारी २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली, त्यात प्रत्येक स्वर वेगळा वाकवण्याची सोय झाली. मींडीला अखेर जागा मिळाली. युनिकोडमधली मराठी कोणत्याही फोनवर वाचता येते. हा थ्रेडही त्यामुळेच वाचता येतो.

२७/
म्हणून घरात जुनी कॅसेट असेल तर ती आज टेपरेकॉर्डरला तार जोडून संगणकात उतरवावी. साध्या, कुठेही वाजणाऱ्या ध्वनिफाईलमध्ये. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. दोन्ही कामे मॅकवर होतात, विंडोजवरही होतात. यंत्र कोणते, हा वाद पुढची पिढी नव्या नावांनी घालेलच. आजीचे गाणे मात्र दुसऱ्यांदा मुद्रित करता येणार नाही.

(समाप्त)